दहा लाखांत चौऱ्याण्णव

४ फेब्रुवारी

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

घरातला फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून पत्र लिहिते आहे. पाकीट बाबांनीच आणून दिलं तर म्हण, मी स्वेटरची वीण विचारली आहे. हे खोटं तुला बोलावं लागणार याचं मला वाईट वाटतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. इथे रोज साठ-सत्तर बाटल्या येतात, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढ्या. प्रत्येकीत कुठल्या तरी इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल. यंत्र त्यातला थेंबभर जाळतं आणि ज्वाळेच्या उजेडावरून सांगतं की दहा लाख भागांत लोखंड किती, तांबं किती. माणसाचं रक्त तपासतात ना, तसंच. शेवटी ‘अभिप्राय’ नावाची चौकट असते. आकड्यांचा अर्थ तिथे दोन ओळींत लिहायचा. ती चौकट माझी, खालची सहीही माझी.

आज तिसऱ्या खोक्यातून एक बाटली निघाली. दोन माणसांची स्पोर्ट्स कार, नवी, दोन हजार चारशे किलोमीटर पळालेली, पहिलंच तेल. फॉर्मवर मालकाचं नाव वाचलं आणि हातातलं झाकण खाली पडलं.

आपण ज्याला टायवाला म्हणतो, तो.

मी दोनदा वाचलं. पत्ता पाहिला, सही पाहिली. तीच ती लांबलचक शेपटीची सही, जी बाबांना कामावरून काढल्याच्या पत्रावर होती. मी बारा वर्षांची होते तेव्हा, पण तो दिवस तू मला इतक्या वेळा सांगितला आहेस की मीच तिथे उभी होते असं वाटतं. वर्कशॉपात तीस मेकॅनिक रांगेत उभे केलेले, आणि हा मॅनेजर असल्याच एका कागदावरून मोठ्यानं वाचतोय: सिलिकॉन इतकं! म्हणजे धूळ! यानं एअर फिल्टर न लावता गिऱ्हाइकाची नवी गाडी दिली! आणि बाबा गप्प.

आता त्याच्या गाडीचे आकडे माझ्यासमोर आहेत. लोखंड ३८, तांबं ७१, ॲल्युमिनियम ४, सिलिकॉन ९४. फॉर्मवर त्यानं ‘फक्त आकडे हवेत’ यावर खूण केली आहे. अभिप्राय नको, स्वतःला सगळं कळतं.

बाटली दुसऱ्या मुलीकडे द्यावी का? ‘ओळखीच्या व्यक्तीचा नमुना तपासू नये’ असा नियम आहे, पण ओळख कशाला म्हणायचं ते लिहिलेलं नाही. मी त्याला कधी भेटलेले नाही. लवकर कळव.

तुझी,
मोजपट्टी


९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

ओळख कसली डोंबलाची! ओळखीच्या माणसाला आपण पाणी विचारतो, याला पाण्यात पाहतो. नियम तुला लागू नाही. हात थरथरत असेल तर बाटली दुसऱ्या हातात धर, पण सोडू नकोस.

तुझ्या बापाची हकीकत सांगते, म्हणजे तुझा धीर टिकेल. तो अजून कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या घासतो. परवा शेजाऱ्यांची गाडी काही केल्या सुरू होईना. यानं खिडकीत उभं राहून नुसतं ऐकलं आणि माझ्यापाशी पुटपुटला, “बॅटरीचं टोक सैल आहे.” म्हटलं, अरे मग जा ना खाली! तर हा किल्ली घासायला बसला. शेवटी मीच जाऊन सांगितलं. गाडी सुरू झाली आणि शाबासकी मला. या वयात मी मेकॅनिक झाले बघ. अकरा वर्षांत त्यानं एक बॉनेट उचललेलं नाही.

तेव्हा तू सरळ लिही: इंजिन आतून कुरतडलं गेलंय, चार दिवसांचा सोबती आहे. रडू दे मेल्याला.

त्या वेळचा तो तेलाचा कागद मी ट्रंकेत तळाशी ठेवला होता, तो आज काढला. काढल्याच्या पत्रासोबत पुरावा म्हणून दिला होता ना त्यांनी. तुझा बाप तर फाडायला निघाला होता, मीच हिसकावून घेतला. मला तो शाळेतल्या गुणपत्रिकेसारखा दिसतो. ज्याला जास्त तो हुशार का गं? लोखंड ४१, तांबं ६६, सिलिकॉन १०२. गाडी १९०० किलोमीटर पळालेली. तुझे आकडेही असेच काहीसे आहेत, म्हणून उतरवून पाठवले.

आत्या

ता.क. स्वेटरची वीण खरोखरच लिहून पाठवू का? तुझ्या बापानं विचारलं तर दोन सुलट, एक उलट असं सांगून ठेवलंय.


१३ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत नेला.

तू म्हणतेस ‘असेच काहीसे’. असेच काहीसे नाहीत, आत्या, जवळजवळ तेच आहेत! नीट सांगते, कारण हे तुला कळायलाच हवं.

नव्या इंजिनाचं पहिलं तेल नेहमी घाण दिसतं. आतले भाग अजून एकमेकांवर घासून बसत असतात, म्हणून लोखंड. तेल थंड करणाऱ्या नळ्या नव्या असतात, म्हणून तांबं. आणि इंजिन जुळवताना जोडांना सिलिकॉनचा लेप लावतात, तोच तेलात उतरतो. दोन-तीनदा तेल बदललं की सगळे आकडे आपोआप खाली येतात. बाळाचे दुधाचे दात पडतात तसं. दात पडला म्हणून कुणी आईला दोष देत नाही.

धुळीतही सिलिकॉन असतं, हे खरं. पण धूळ एकटी येत नाही, तिच्याबरोबर ॲल्युमिनियमही वाढतं. टायवाल्याच्या नमुन्यात ॲल्युमिनियम फक्त ४ आहे, म्हणजे धूळ नाही, गाडी उत्तम आहे. बाबांच्या कागदावर ॲल्युमिनियम किती आहे? तू उतरवलं नाहीस. परत बघ. आणि तळाशी अभिप्राय काय लिहिलाय? प्रयोगशाळेनं काहीतरी लिहिलं असणारच.

इंजिन खराब आहे असं मी लिहिणार नाही. पाटीवरची बेरीज चुकली तर थुंकी लावून पुसू नकोस, आडवी रेघ मार आणि शेजारी बरोबर उत्तर लिही, असं तूच शिकवलंस. शाळेत जाण्याआधी तुझ्यापाशी जे शिकले ते आता सुटत नाही, त्याला तूच जबाबदार.

पण त्यानं अभिप्राय मागितला नाही, म्हणून मी काहीच लिहिलं नाही. नुसते आकडे आठ तारखेलाच गेले आहेत. बाबांचे आकडे जसे वाचले तसेच स्वतःचे वाचून बसू दे घाबरत. खोटं एक अक्षर नाही. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते पाहून भीती वाटते.

तुझी,
मोजपट्टी


१८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. आ.

ॲल्युमिनियम ३.

आणि अभिप्राय नाही. आधी वाटलं कागदच आखूड आहे. मग काढल्याच्या पत्रावर ठेवून पाहिला तर चार बोटं कमी भरला. खालची कड कात्रीनं कापलेली आहे गं! अगदी सरळ, पट्टी धरून. आणि कडेला एका ओळीच्या नुसत्या शिरोरेषा उरल्यात, अक्षरं खाली गेली. चष्मा लावून पाहिलं, खिडकीशी धरून पाहिलं. रेषा लांब आहेत, म्हणजे वाक्य चांगलं मोठं होतं.

अकरा वर्षं हा कागद माझ्या ट्रंकेत होता आणि मला दिसलं नाही. मला चुलीत घाल.

म्हणजे त्याला माहीत होतं. चुकून नाही, अडाणीपणानं नाही. गिऱ्हाईक मोठं होतं, गाडी आवाज करते म्हणून आरडाओरडा करत होतं, त्याला कुणाचा तरी बळी हवा होता. यानं कात्री घेतली आणि माझ्या भावाला कापलं.

तेव्हा तो घाबरणार नाही, मोजपट्टे. त्याला सगळं वाचता येतं. तुझे आकडे बघून तो मजेत गाडी फिरवत असेल. बसलीस खरेपणा कवटाळून!

आत्या


२५ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न.

तो काल इथे आला होता.

साठीचा माणूस, केस रंगवलेले, आणि निवृत्त होऊनही टाय. काउंटरवर बसणारी मुलगी जेवायला गेली होती, म्हणून मी पुढे गेले. जसं झालं तसं लिहिते.

म्हणाला, “मला त्या आकड्यांवर अभिप्राय हवाय. लेखी.”

“आपण ‘फक्त आकडे’ मागितले होते.”

“हो, मला काय, तीस वर्षं वाचतोय! पण गाडीतून टकटक येते. वॉरंटीत दाखवायला गेलो तर आमच्याच जुन्या वर्कशॉपातले गाढव म्हणतात, सिलिकॉन चौऱ्याण्णव म्हणजे धूळ गेली, फिल्टर तुम्ही काढला असणार, वॉरंटी नाही. पंधरा दिवसांत प्रयोगशाळेचं लेखी आणा, नाहीतर इंजिन स्वतःच्या जबाबदारीवर उघडून सिद्ध करा. मी त्या जागेवर मॅनेजर होतो, बाई!”

मी विचारलं, “सिलिकॉन म्हणजे धूळ, असं त्यांना कुणी शिकवलं?”

त्यानं टायची गाठ सारखी केली. मग म्हणाला, “कोण जाणे. तिथे आता तसंच धरतात. नवीन पोरांनाही तेच सांगतात.”

आत्या, कळलं का तुला काय झालं ते? त्या दिवशी तीस जणांसमोर त्यानं जे मोठ्यानं वाचलं, ते त्या वर्कशॉपाचा नियम झालं! त्या तिसातलाच कुणीतरी आज तिथे फोरमन असणार आणि त्यानं टायवाल्याला टायवाल्याच्याच धड्यावर नापास केलं.

मी म्हटलं, “अभिप्रायात काय अपेक्षित आहे?”

“साधं आहे. नव्या इंजिनात सिलिकॉन आणि तांबं येतंच, ॲल्युमिनियम नाही, तेव्हा धूळ नाही. हेच वाक्य पूर्वी एका रिपोर्टवर तुमच्याच लोकांनी लिहिलेलं मला चांगलं आठवतंय.”

त्याला आठवतंय! कापलेलं वाक्य त्यानं मला पाठ म्हणून दाखवलं.

मी त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, तारखेचा शिक्का मारला आणि पोच दिली. त्याला ११ मार्चच्या आत कागद हवा आहे. मागाहून मागितलेला अभिप्राय ‘तीस दिवसांच्या आत’ द्यावा, असा आमचा नियम आहे. एरवी मी तिसऱ्या दिवशी देते. दोन ओळींचं काम.

अर्ज मी ट्रेमध्ये सगळ्यात खाली ठेवला आहे.

तुझी,
मोजपट्टी


२ मार्च

चि. मोजपट्टीस,

शाब्बास गं माझी वाघीण! खालीच राहू दे. वर आला तर वर दुसरा ठेव. तीस म्हणजे तीस, एकोणतीस करशील तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्या बापाला अजून काही बोलले नाही. परवा विचारत होता, “हा स्वेटर हत्तीचा आहे का?”

आत्या


२७ मार्च

ती. आत्या,
सा. न.

काल तीस दिवस झाले आणि काल मी अभिप्राय लिहिला. आधी लिहिलं नाही याचं कारण असं की लिहिण्यासारखं काही झालं नाही, मी फक्त थांबले. थांबणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

त्याचे चार फोन आले. पहिल्यात तो चिडलेला होता, दुसऱ्यात समजावत होता. नऊ तारखेला म्हणाला, “बाई, दोन ओळी आहेत हो.” मी म्हटलं, “आपला अर्ज रांगेत आहे.” रांग नव्हती. पूर्ण महिन्यातलं माझं एवढं एकच खोटं, पण ते आहे. चौथा फोन सोळा तारखेचा. मुदत संपली, चौदा तारखेला इंजिन उतरवून उघडलंय, असं सांगितलं. आवाज एकदम म्हातारा झाला होता. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. मग हात धुवायला गेले आणि आरशात पाहिलं तर मी हसत होते.

हेही तुला लिहायलाच हवं. मला आनंद झाला. त्याची नवी गाडी पोट फाडून टेबलावर पडली आहे आणि आत काही सापडणार नाही, हे मला आधीच माहीत होतं.

काल आमच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, “हा एवढा साधा अभिप्राय शेवटच्या दिवशी का?” मी म्हटलं, “नियमात बसतं.” त्यांनी अर्जावरचा तारखेचा शिक्का पाहिला आणि त्या गेल्या.

लिहिलं ते असं: ‘सिलिकॉन व तांबे नवीन इंजिनात अपेक्षित. ॲल्युमिनियम अत्यल्प, धूळ गेल्याचे लक्षण नाही.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव. एरवी मी नुसती आद्याक्षरं घालते. एक प्रत त्याला, एक त्याच्या अर्जावरून थेट वर्कशॉपला गेली.

आता बाबांना सांग. मला वाटतं त्यांना बरं वाटेल. वाटेल ना?

तुझी,
मोजपट्टी


६ एप्रिल

चि. बाळ,
आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. अक्षर लागलं नाही तर आत्याला विचार.

तिनं तुझी सगळी पत्रं आणि स्वतःच्या उत्तरांचे कच्चे खर्डे माझ्यासमोर आणून टाकले आणि म्हणाली, वाच आणि हस. मी सगळं वाचलं. पाण्यात पाहतो, तिथे हसलो. कात्रीपाशी थांबलो. कागद कापलेला आहे हे मला त्या दिवशीच दिसलं होतं. कागद दरवेळी माझ्याच हातातून फाइलला लागायचा, त्याची लांबी मला माहीत नसेल? पण मी म्हटलं असतं की खाली काहीतरी लिहिलं होतं, तर कोण विचारणार होतं, काय लिहिलं होतं म्हणून? म्हणून फाडायला निघालो होतो. मी गप्प बसलो त्याला तुम्ही दोघी माझा चांगुलपणा समजलात. चांगुलपणा नव्हता तो. अकरा वर्षं किल्ल्या घासताना मी त्याला किती वेळा मारलंय ते तुला सांगत नाही.

आता पुढचं. १ तारखेला वर्कशॉपातून फोन आला. तिथला फोरमन त्या रांगेत माझ्या शेजारीच उभा होता. तुझ्या सहीत माझं नाव वाचून त्यानं फोन केला. म्हणाला, “मिस्त्री, तुमच्या मुलीनं लिहिलंय ते खरं असेल तर आम्ही अकरा वर्षं चुकीचं शिकवतोय. एकदा येऊन बघा.” मी नाही म्हणणार होतो. तुझ्या आत्यानं माझा शर्ट इस्त्री करून दारात धरला.

गेलो. इंजिन टेबलावर उघडं होतं. सिलिंडरच्या आत बोट फिरवलं. कारखान्यातल्या बारीक तिरप्या रेघा जशाच्या तशा, एक ओरखडा नाही. धूळ गेली असती तर त्या पुसल्या असत्या. मग गाडीखाली गेलो. टकटक इंजिनात नव्हतीच. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवायला पत्रा असतो, त्याचा एक बोल्ट सैल होता. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी इंजिन उतरवलं.

टायवाला तिथेच होता. फोरमननं सगळ्यांना बोलावलं आणि तुझा कागद मोठ्यानं वाचला. ‘धूळ गेल्याचे लक्षण नाही.’ मग सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मिस्त्री, तुमचाही कागद असाच होता का?” मी म्हटलं, “असाच. चार बोटं जास्त होता.” टायवाल्यानं मान खाली घातली. बाळ, या एका क्षणासाठी मी जगलो असं म्हणालो तरी चालेल.

पण ते तिथेच संपलं नाही. टायवाल्यानं मान वर केली, कागद हातात घेतला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. विनंती २४ फेब्रुवारी, अभिप्राय २६ मार्च. मग तुझं पूर्ण नाव वाचलं. म्हणाला, “मिस्त्री, मुलीनं दोन ओळींना तीस दिवस लावले. का, ते मी सांगू की तुम्ही सांगता?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागच्या वेळी माझ्याकडे उत्तर होतं आणि कागद नव्हता. या वेळी कागद होता आणि उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लिहिलं असतंस तर त्याला बोलायला जागा उरली नसती. सूड माझा होता. मला एकदा विचारायचंस तरी.

रागावलो आहे, पण घाबरू नकोस. तुझ्या मॅडमना तूच जाऊन सांग, तो कोण होता आणि रांग नव्हती ते. त्यानं तक्रार करण्याआधी सांग. नोकरी गेली तर घरी ये, किल्ल्या खूप आहेत.

मी नंतर काय केलं ते सांगतो. तिथल्या पोरांना ते इंजिन परत जुळवायची धास्ती वाटत होती. मी टायवाल्याला विचारलं, “मी बंद करू?” त्यानं पोरांकडे पाहिलं. दुसरं कोण करणार होतं? शेवटी म्हणाला, “करा.” मोठ्यानं म्हणायला लावलं, मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. तीन दिवस लागले. लेप मी लावला, प्रत्येक बोल्ट मी आवळला. तो स्टुलावर बसून बघत होता आणि प्रत्येक बोल्ट बोटांवर मोजत होता. ज्याला फिल्टर लावता येत नाही असं तो तीस जणांना सांगून बसला, त्याच्या हातावर भरवसा ठेवून आता त्याला रोज गाडी सुरू करायची आहे. कुठे जरा खुट्ट झालं की मी आठवेन. हा माझा सूड. यात मला खोटं बोलावं लागलं नाही, उशीरही करावा लागला नाही.

सोमवारपासून मी तिथे जातोय. फोरमन म्हणाला, पोरांना नव्यानं शिकवा.

आणि टायवाल्याला सांगितलंय, हजार किलोमीटरनंतर तेल बदल आणि तपासायला तिथेच पाठव. लेप ताजा आहे, तेव्हा सिलिकॉन परत शंभरच्या घरात येईल. बाटली तुझ्या टेबलावर येईल. तिसऱ्या दिवशी अभिप्राय गेला पाहिजे.

बाबा